सोलापूरचे नाले, तलाव आणि त्यांतले मासे: जड धातूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेळगी नाला, आदिला, सिद्धेश्वर तलाव, धर्मवीर संभाजी तलाव, हिप्परग्याचा एकरुख तलाव आणि पुढे सीना. या पाण्यातल्या माशांबद्दल मासेमार, शेतकरी, रंगाईवाले, शिक्षक आणि मासे विकत घेणारे लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. घाईत असाल तर निदान ८ आणि १२ हे प्रश्न वाचा.

१. जड धातू म्हणजे नेमके कोणते? तांबं-जस्त तर आपल्या शरीरालाही लागतं ना?

लागते. शिसे, कॅडमियम आणि पारा यांचा मात्र शरीराला काहीच उपयोग नाही. तांबे, जस्त, क्रोमियम आणि निकेल दुसऱ्या टोकाला येतात. त्यांतले काही अल्प प्रमाणात गरजेचे आहेत, पण प्रमाण वाढले की विषारी ठरतात. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, तरी तपासणीत तो याच यादीत असतो.

माशांच्या बाबतीत ही विभागणी फसवते. तांबे आणि जस्त माणसाला सहज सोसतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही. चोवीस तास कल्ल्यांतून पाणी घेणाऱ्या माशाला तेच दोन धातू फार लवकर मारतात. आकडे प्रश्न ६ मध्ये आहेत.

सांडपाण्यातली बाकीची घाण जिवाणू खाऊन संपवतात. धातू संपत नाही. तो पाण्यातून गाळात, गाळातून किड्यांत आणि किड्यांतून माशात जातो.

२. आपल्याकडे नाल्यांत हे धातू येतात कुठून? रंगाईच्या कारखान्यांतूनच ना?

फक्त तिथूनच नाही. कोणत्या धंद्याच्या सांडपाण्यात काय शोधायचे, ते असे:

रंगाईत काही गडद निळे, मोरपंखी आणि काळे रंग तांबे किंवा क्रोमियम धरून बनवलेले असतात. रंग पक्का करायला मोरचूद किंवा डायक्रोमेट वापरले, तर हेच धातू सुटे येतात. मुलामा देण्याच्या कामातून क्रोमियम, निकेल आणि जस्त येते. बॅटरी दुरुस्ती आणि भंगार वितळवण्यातून शिसे येते. फुटलेल्या ट्यूबलाइट आणि थर्मामीटरमधून पारा येतो.

रस्त्यांचा वाटा लोक विसरतात. टायर झिजून पडणाऱ्या धुळीत जस्त असते आणि ब्रेकच्या भुकटीत तांबे असते. पेट्रोलमधले शिसे देशात २००० साली बंद झाले, पण जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते अजून टिकून आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत हे सगळे एकदम नाल्यात उतरते. शहराचे पाणी पुढे सीनेत जाते आणि सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. म्हणजे हा प्रश्न पालिकेच्या हद्दीत संपत नाही.

३. नाल्याचं पाणी लाल-निळं दिसलं म्हणजे त्यात जड धातू असणारच का?

नाही, आणि उलट बाजूनेही नाही. चादरी-टॉवेलच्या सुताला लागणाऱ्या बऱ्याच रिॲक्टिव्ह रंगांत धातू नसतो. असे रंगीत पाणी प्रकाश अडवते आणि ऑक्सिजन खाते, पण धातूंच्या तपासणीत स्वच्छ निघू शकते. याउलट मुलाम्याच्या टाकीतले जस्त किंवा निकेलचे विरळ पाणी डोळ्यांना जवळपास नितळ दिसते. रंग पाहून तक्रार जरूर करा, धातू आहे की नाही हे मात्र रंगावरून ठरवू नका.

४. धातू माशाच्या अंगात शिरतो कसा आणि तिथे करतो काय?

दोन वाटा आहेत, कल्ले आणि तोंड. तीव्र विषबाधा बहुधा कल्ल्यांतून होते. हळूहळू साठणारा धातू बहुतेक खाण्यातून येतो.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असते, त्यामुळे त्याच्या अंगातले मीठ सतत बाहेर झिरपते. ते भरून काढायला कल्ल्यांच्या पेशी पाण्यातून सोडियम आणि कॅल्शियम ओढून घेत राहतात. तांबे यातली सोडियम ओढणारी यंत्रणा बंद पाडते. कॅडमियम आणि जस्त कॅल्शियमच्या दारातून आत घुसतात आणि कॅल्शियमलाच बाहेर ठेवतात. माशाच्या रक्तातले मीठ उतरत जाते, रक्त घट्ट होते आणि शेवटी हृदय थांबते. धातूचे प्रमाण खूपच जास्त असेल तर कल्ल्यांवर चिकट बुळबुळीत थर चढतो, पडदे सुजतात आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. सहा संयुजेचे क्रोमियम (क्रोमियमचे पाण्यात विरघळणारे, जास्त विषारी रूप) कल्ल्यांतून सरळ पेशीत जाते आणि आतून नुकसान करते.

एकदम मारण्याइतके प्रमाण नसेल तेव्हा जे घडते ते अधिक काळजीचे आहे, कारण ते दिसत नाही. तांब्याने माशाची वास घेण्याची शक्ती जाते. सामन माशांवरच्या प्रयोगांत लिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम तांबे काही तासांत एवढे करू शकते असे दिसले आहे. रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातले मासे जखमी सोबत्याच्या कातडीतून सुटणाऱ्या द्रव्याच्या वासावरून धोका ओळखतात. तो वासच आला नाही तर पिल्लू मरळीच्या तोंडासमोरून हलत नाही. शिसे रक्त तयार होण्यात अडथळा आणते, आणि दीर्घकाळ राहिले तर पाठीचा कणा वाकतो. कॅडमियम मूत्रपिंडात आणि यकृतात साठते.

अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले सर्वांत नाजूक असतात. आपल्याकडचे बरेच मासे पहिल्या पावसाच्या सुमारास अंडी घालतात आणि रस्त्यांवरचा धातू नाल्यात उतरायची वेळही तीच असते. मोठे मासे पोहताना दिसतात, पण पुढच्या वर्षी लहान मासेच नसतात, त्याचे एक कारण इथे शोधावे.

५. तलावात मासे मरून तरंगले, म्हणजे कुणीतरी केमिकल सोडलं असेल?

बहुतेक वेळा कारण ऑक्सिजनची कमतरता हेच असते. उन्हाळ्यात शेवाळाने हिरवे झालेले पाणी रात्रभर ऑक्सिजन वापरते आणि पहाटे तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली जातो. पहिल्या पावसाने तळाचा काळा गाळ ढवळला तरी हेच होते. फरक ओळखायच्या खुणा:

ऑक्सिजन कमी पडला असेल तर मासे पहाटे मरतात, साधारणपणे मोठे आधी मरतात, मरण्यापूर्वी पृष्ठभागावर तोंड उघडझाप करतात आणि उरलेले नळ किंवा ओढा जिथे येऊन मिळतो तिथे गोळा होतात. विषारी पाणी असेल तर वेळ कोणतीही असते, लहान-मोठे सगळे सापडतात, बेडूकमासे आणि पाणकिडेही मेलेले असतात, आणि मासे ओढ्याच्या तोंडापासून दूर पळालेले दिसतात. कल्ले उघडून पाहा. त्यांवर जाड पांढुरका चिकटा असेल तर धातूंचा किंवा आम्लाचा संशय घ्यावा. कल्ले तपकिरी असतील तर नायट्राइटचा.

पोहोचल्यावर सर्वांत आधी वेळ लिहा, मग ऑक्सिजन, तापमान आणि सामू (पीएच) मोजा, नंतर फोटो काढा. दुपारी मोजलेला ऑक्सिजन पहाटेचे काहीच सांगत नाही, म्हणून पुढच्या पहाटे पुन्हा मोजा. तपासणीला तडफडणारे जिवंत मासे उचला. फुगलेला, वास मारणारा मासा पेशींच्या तपासणीला निरुपयोगी असतो.

६. पाणी पिण्याच्या मानकात बसतं असा रिपोर्ट आहे. मग मासे का मरतात?

कारण ते मानक माणसासाठी आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम जस्त स्वीकारते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा जलचरांसाठीचा निकष मध्यम काठिण्याच्या, म्हणजे बेताच्या जड पाण्यात (काठिण्य लिटरला १०० मिलिग्रॅम) १२० मायक्रोग्रॅम आहे. तांबे: पिण्यासाठी ५० मायक्रोग्रॅम, तर जलचरांसाठी काठिण्यावर आधारलेल्या जुन्या निकषात दीर्घकाळासाठी ९. शिसे: पिण्यासाठी १०, जलचरांना दीर्घकाळासाठी २.५. कॅडमियम: पिण्यासाठी ३, जलचरांना ०.७२.

कारखान्याच्या सांडपाण्याचे मानक तर आणखी सैल आहे. जमिनीवरच्या पाण्यात सोडताना लिटरला ३ मिलिग्रॅम तांबे, ५ मिलिग्रॅम जस्त, २ मिलिग्रॅम एकूण क्रोमियम आणि ०.१ मिलिग्रॅम सहा संयुजेचे क्रोमियम चालते. पुढे नदीत भरपूर पाणी मिळेल हे त्यामागचे गृहीत. ३ मिलिग्रॅम तांबे ९ मायक्रोग्रॅमवर यायला तीनशेपटीहून अधिक स्वच्छ पाणी मिसळावे लागेल. एप्रिल-मेमध्ये आपल्या नाल्यांत सांडपाण्याखेरीज दुसरे पाणीच नसते, मग मिसळायचे कशात? कागदोपत्री नियमात बसणारे पाणीही इथे माशांना मारू शकते, हे अधिकाऱ्यांशी बोलताना स्पष्ट मांडायला हवे.

७. सोलापूरचं पाणी क्षाराचं, जड. त्यामुळे धातू कमी बाधतात असं ऐकलं. खरं का?

बऱ्याच अंशी खरे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कल्ल्यांवरच्या जागा आधीच अडवून बसतात, त्यामुळे धातूला शिरायला वाव कमी राहतो. काठिण्य १०० वरून २०० झाले की जस्ताचा निकष १२० वरून सुमारे २१० वर जातो आणि कॅडमियमचा ०.७२ वरून सुमारे १.२ वर. आपले पाणी अल्कधर्मी असल्याने शिसे आणि तांबे लवकर गाळात बसतात. सांडपाण्यातली सेंद्रिय घाणही तांब्याला धरून ठेवते.

पण या संरक्षणाला तीन भोके आहेत. पाऱ्याच्या सेंद्रिय रूपावर (प्रश्न १५ पाहा) काठिण्याचा फारसा परिणाम नाही. खाण्यातून आत जाणाऱ्या धातूवरही नाही. आणि जोराच्या पावसात नाल्याचे काठिण्य अचानक उतरते, नेमके त्याच वेळी धातू वाढलेला असतो.

८. पाण्याची तपासणी करून घेतली, काहीच सापडलं नाही. आता निश्चिंत राहायचं का?

नाही. एका बाटलीत त्या एका क्षणाचे पाणी असते. सांडपाणी रात्री दोन तास सोडले आणि नमुना सकाळी अकराला घेतला, तर बाटलीत काही येणार नाही. ते दोन तास गाळाला मात्र माहीत असतात, कारण धातू तिथे जाऊन बसलेला असतो. म्हणून आमचे ठाम मत असे: पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर गाळ तपासा, दोन जमत असतील तर गाळ आणि माशाचे यकृत. पाण्याचा क्रमांक तिसरा.

अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलेले असेल तर शोध-मर्यादा, म्हणजे ज्याच्या खालचे यंत्राला मोजता येत नाही ते प्रमाण, किती होती ते विचारा. शिशाची शोध-मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर माशाला बाधणाऱ्या पातळीच्या वीसपट शिसे असूनही ‘आढळले नाही’ असेच छापून येईल. पाण्यासाठी १ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून खाली मोजणारी प्रयोगशाळा हवी.

बाजारातल्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या या कामाच्या नाहीत. त्या मिलिग्रॅमच्या पट्टीत मोजतात आणि रंगीत सांडपाण्यात चुकतात.

९. नमुने नेमके कसे घ्यायचे? कॉलेजच्या प्रकल्पासाठी हवं आहे.

जागा किमान तीन ठेवा: सांडपाणी जिथून येऊन मिळते त्या संशयित तोंडाच्या वर, तोंडाशी आणि खाली. वरचा नमुना नसेल तर बाकीच्या दोघांना अर्थ राहत नाही. आधी प्रयोगशाळेशी बोला आणि नायट्रिक आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिक बाटल्या तिथूनच घ्या. आम्ल घरी किंवा वर्गात बाळगू नका.

पाणी: प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभे राहा, बाटलीचे तोंड प्रवाहाकडे करा आणि पृष्ठभागाखाली वीतभर भरा. लोखंडी किंवा जस्ताचा पत्रा चढवलेली बादली अजिबात वापरू नका, नमुन्यातले जस्त तिथूनच येईल. विरघळलेला धातू मोजायचा असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून आधी गाळा, आम्ल नंतर. आम्ल इतके हवे की सामू २ च्या खाली जाईल. लिटरला दीड ते दोन मिलिलिटर सहसा पुरते, पण आपल्या क्षारी पाण्याला जास्त लागू शकते, म्हणून सामूच्या कागदाने खात्री करा. सहा संयुजेचे क्रोमियम मोजायची बाटली वेगळी ठेवा, तिच्यात आम्ल घालू नका, बर्फावर ठेवून २४ तासांत पोहोचवा. पाऱ्यासाठी मुदत २८ दिवस, बाकी धातूंना आम्ल घातल्यावर सहा महिने.

गाळ: वरचा ५ सेंटिमीटरचा थर, प्लॅस्टिकच्या चमच्याने. दहा मीटरच्या पट्ट्यात पाच ठिकाणचा थोडा थोडा घेऊन एकत्र कालवा आणि त्यातला अर्धा किलो पिशवीत भरा. प्रयोगशाळेला ६३ मायक्रॉनखालचा बारीक भाग तपासायला सांगा. वाळू जास्त आली की धातू कमी दिसतो.

मासे: एकाच जातीचे, निदान पाच, आणि सर्वांत लहान मासा सर्वांत मोठ्याच्या लांबीच्या तीन चतुर्थांशाहून कमी नको. लांबी आणि वजन जागेवरच लिहा. पोट तिथे फाडू नका. प्लॅस्टिक पिशवीत, बर्फात, मग उणे २० अंशांवर. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला मासा धातूंच्या तपासणीला चालत नाही. मांस, यकृत, कल्ले आणि मूत्रपिंड वेगवेगळे तपासा. मांस पाठीवरच्या पराखालचे, कातडी काढून.

रबरी हातमोजे विसरू नका. धातूंपेक्षा सांडपाण्यातल्या जंतूंचा धोका तिथल्या तिथे असतो.

१०. माशातलं शिसं मर्यादेच्या चौपट आलंय! घाबरायचं का?

आधी पाहा, आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या. अहवाल वाचताना सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. माशाच्या मांसात ७५ ते ८० टक्के पाणी असते, त्यामुळे सुक्या वजनावरचा आकडा ओल्यापेक्षा चार ते पाचपट मोठा दिसतो. खाद्यपदार्थांच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. शिशासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. सुक्या वजनावर १.२ आले असेल तर ते ओल्या वजनावर ०.२४ ते ०.३ होते, म्हणजे मर्यादेच्या काठावर. निश्चिंत राहावे असे ते नाही, पण चौपटही नाही.

दुसरे, आकडा कोणत्या अवयवाचा आहे? यकृताचा आकडा मांसाच्या मर्यादेशी ताडू नका.

११. गाळात तांबं आणि क्रोमियम परदेशी निकषापेक्षा जास्त निघालं. प्रदूषण सिद्ध झालं ना?

इथे दख्खनच्या खडकाचा विचार करावा लागतो. आपली काळी माती बेसॉल्टची आहे आणि त्या खडकात तांबे, क्रोमियम आणि निकेल मुळातच भरपूर असते. किलोला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास तांबे कारखान्याचा वाराही न लागलेल्या रानातल्या मातीत सापडू शकते. गाळासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत तांब्याची खालची पातळी ३१.६ आणि वरची १४९ आहे, क्रोमियमची ४३.४ आणि १११. खालच्या पातळीवर बोट ठेवले तर सगळा सोलापूर जिल्हा प्रदूषित ठरेल.

म्हणून तुलना स्थानिक मातीशी करा. नाल्याच्या वरच्या अंगाला, वस्तीबाहेर, त्याच काळ्या मातीचा नमुना घ्या. दोन्हींत लोह किंवा ॲल्युमिनियमही मोजा आणि धातूचे लोहाशी असलेले गुणोत्तर ताडून पाहा.

शिसे आणि कॅडमियम यांची गोष्ट वेगळी आहे. बेसॉल्टमध्ये ते फार थोडे असतात. गाळात शिसे ३५.८ किंवा कॅडमियम ०.९९ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर इथे ते बहुधा माणसाच्या हातून आलेले असते. सोलापुरात शहरी प्रदूषणाची खूण म्हणून आम्ही याच दोन धातूंवर जास्त भर देतो.

१२. मग नाल्यातले किंवा शहरातल्या तलावातले मासे खायचे की नाही?

सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यातले मासे खाऊ नका, विकूही नका. यासाठी धातूंच्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही, जंतूंचे कारण एकटेच पुरेसे आहे.

तलावातले मासे तपासणीवर ठरवा. तोवर खाणाऱ्यांनी निदान हे करावे: डोके, कल्ले, यकृत आणि आतडी पूर्ण काढून टाकावीत. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली गडद लाल पट्टी म्हणजे मूत्रपिंड, ती नखाने किंवा ब्रशने खरवडून काढावी. कॅडमियम यकृत-मूत्रपिंडात साठते, शिसे हाडांत, खवल्यांत आणि कल्ल्यांत. त्यामुळे मुंडीचा रस्सा आणि काट्यासकट तळून खाल्लेली लहान मासळी यांतून शिसे जास्त जाते. मांसाचे तुकडे तुलनेने बरे. पारा मात्र मांसातच असतो, तो कापून वेगळा काढता येत नाही.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुले यांना शंकास्पद पाण्यातला मासा देऊच नये. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी ठाऊक नाही, म्हणजे थोडे चालेल असे म्हणायला जागा नाही. मूत्रपिंडात गेलेले कॅडमियम निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात.

बाजारात मासा कुठला आहे हे विचारायला संकोचू नका. मासेच सोडून द्यावेत असा याचा अर्थ मुळीच नाही. चांगल्या पाण्यातला मासा हे उत्तम अन्न आहे.

१३. चिंच-लिंबात मुरवून, खरपूस तळून धातू निघून जातो का?

नाही. उष्णतेने धातू नष्ट होत नाही. तळताना माशातले पाणी उडते, त्यामुळे ग्रॅममागे धातू उलट वाढतो. रश्श्यात उतरलेला थोडाफार धातू रश्श्याबरोबर पोटात जातोच.

१४. मासे चार दिवस स्वच्छ पाण्याच्या हौदात ठेवले तर?

चिखलाचा वास जाईल आणि आतडी रिकामी होतील. कल्ल्यांवरचे तांबे-जस्त काही दिवसांत ते आठवड्यांत उतरते. मूत्रपिंडातल्या कॅडमियमला महिने लागतात आणि मांसातल्या सेंद्रिय पाऱ्याला महिने ते वर्षे. चार दिवसांच्या हौदावर ‘शुद्ध केलेला मासा’ असे सांगून विकणे चूक आहे.

१५. मोठ्या माशात विष जास्त की लहान?

धातूवर अवलंबून आहे. पारा अन्नसाखळीत वर चढत जातो. तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचे सेंद्रिय रूप करतात, ते किड्यात, लहान माशात आणि शेवटी मरळ, वाम अशा शिकारी माशांत साठते. म्हणून पाऱ्यासाठी मोठी, वयस्क मरळ तपासावी. शिसे आणि कॅडमियम असे चढत नाहीत. गाळ उपसून खाणारे मासे, खेकडे आणि गोगलगायी यांच्यात ते शिकारी माशांपेक्षा जास्त सापडतात.

१६. नाल्यात चिलापी आणि मांगूर धडधाकट आहेत. पाणी बरं असल्याशिवाय कसे जगतील?

मांगूर, शिंगी आणि मरळ हवेतून श्वास घेतात. चिलापी कमी ऑक्सिजन आणि मचूळ पाणी दोन्ही सोसते. शिवाय धातूंची सवय झालेल्या माशांचे यकृत मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन जास्त बनवते. ते कॅडमियम, तांबे आणि जस्ताला बांधून ठेवते. मासा जगतो, पण धातू त्याच्या अंगातच राहतो. अशा ठिकाणी जगलेला मासा खाण्यासाठी जास्त धोक्याचा असू शकतो. थाई मांगूर पाळायला तर देशात बंदीच आहे.

खरी खूण पाहायची असेल तर किती जाती उरल्या ते मोजा. दहा जातींच्या जागी दोनच उरल्या असतील, तर त्या दोन कितीही गुबगुबीत असोत, पाणी बिघडलेले आहे.

१७. तलावातला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाकतात. चालेल का?

गावच्या पाझर तलावाचा गाळ आणि शहरातल्या नाल्याचा गाळ एकाच मापाने मोजू नका. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही कल्पना पहिल्यासाठी चांगली आहे. शहरी गाळ शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, जस्त आणि निकेल तपासल्याशिवाय शेतात नेऊ नये. पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात.

काढण्याच्या पद्धतीतही धोका आहे. तळाच्या काळ्या, कुजक्या वासाच्या गाळात धातू सल्फाइडला बांधलेले असतात, म्हणून तिथे ते फारसे बाधत नाहीत. पाण्यात यंत्र घालून तो ढवळला की त्याला हवा लागते, सल्फाइड मोडते, धातू सुटतात आणि ऑक्सिजनही एकदम पडतो. शक्य असेल तर पाणी उतरल्यावर, कोरड्या भागातून गाळ काढावा. ओल्या गाळाचे निथळणारे पाणी परत तलावात सोडू नये. पाणी असतानाच काढावे लागत असेल तर एका वेळी एकच कोपरा घ्यावा आणि पहाटेचा ऑक्सिजन रोज मोजावा.

१८. जलपर्णी धातू शोषते म्हणे. मग ती राहू द्यावी का?

शोषते, मुळांत सर्वांत जास्त. पण ती तिथेच कुजली की धातू परत पाण्यात येतो. दाट थराखाली ऑक्सिजन संपतो आणि तिच्या मुळांच्या जाळ्यात पाऱ्याचे सेंद्रिय रूप तयार व्हायला अनुकूल जागा मिळते. वाढू देऊन वेळेवर काढली तरच उपयोग. काढलेली जलपर्णी जनावरांना घालू नका, तपासल्याशिवाय तिचे खतही करू नका. तलावात पाणी शिरण्याआधी पाणकणीस आणि कर्दळीचा उथळ पट्टा करणे जास्त सोयीचे, कारण तिथला गाळ आणि झाडे दोन्ही ठरवून काढता येतात.

१९. गणपती विसर्जनाने कितपत फरक पडतो?

वर्षभराच्या सांडपाण्याच्या तुलनेत भार थोडा, पण तो दोन-तीन दिवसांत एकाच जागी पडतो. पिवळ्या आणि केशरी रंगांत लेड क्रोमेट असू शकते, म्हणजे शिसे आणि क्रोमियम दोन्ही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग आहे. मूर्तिकारांनी डब्यावर ही मर्यादा लिहिलेली पाहूनच रंग घ्यावा आणि औद्योगिक वापराचे रंग टाळावेत. बिनरंगाची शाडूची मूर्ती सर्वांत निर्धोक. कृत्रिम हौदात विसर्जन केले तर हौदाच्या तळाचा गाळ नंतर नाल्यात ओतू नये, नाहीतर सगळी मेहनत वाया.

२०. आमचं छोटं रंगाईचं युनिट आहे. धातू रोखायला काय करता येईल?

पहिले काम खरेदीचे: पुरवठादाराकडून प्रत्येक रंगाचे माहितीपत्रक मागा आणि तांबे-क्रोमियम असलेले रंग वेगळे काढा. डायक्रोमेट आणि मोरचूद बंद करता आले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. अशा रंगांचे पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू नका. विरळ केलेला धातू काढणे अवघड आणि महाग पडते.

सहा संयुजेचे क्रोमियम असेल तर आधी सामू २.५ च्या आसपास आणा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. हिशेबाने किलोभर क्रोमियमला पावणेतीन किलो लागते, प्रत्यक्षात जास्त. पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की चुन्याने सामू ८ ते ८.५ करा आणि साका बसू द्या. नेहमी बिघडते ते तीन ठिकाणी. सामू आधी उतरवला नाही तर क्रिया फार मंद होते आणि क्रोमियम तसेच निसटते. चुना जास्त पडला तर बसलेले क्रोमियम पुन्हा विरघळू लागते. आणि पाण्यात ईडीटीएसारखे धातूला धरून ठेवणारे द्रव्य असेल, किंवा धातू रंगाच्या रेणूतच बांधलेला असेल, तर चुन्याने तो खाली बसतच नाही, त्याला वेगळी प्रक्रिया लागते.

साका हा घातक कचरा आहे. तो परवानाधारक केंद्रात, आपल्या बाजूला रांजणगावसारख्या ठिकाणी जायला हवा. गटारात सोडलेला धातू पालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातही नष्ट होत नाही, फक्त तिथल्या गाळात जातो.

२१. डासांसाठी दिलेले गप्पी मासे आमच्या टाकीत मरतात. पाण्यात जड धातू आहेत का?

नळाच्या पाण्यापेक्षा आधी भांड्यावर संशय घ्या. नवा जस्त चढवलेला पिंप किंवा तांब्या-पितळेचा हंडा गप्पींना पुरेसा घातक असतो. प्लॅस्टिक किंवा जुनी सिमेंटची टाकी वापरा. सिमेंटची टाकी नवी असेल तर चुन्याने सामू चढतो, म्हणून दोन आठवडे पाणी भरून, बदलून मगच मासे सोडा. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात सोडण्याआधी एक दिवस थांबा.

२२. तक्रार कुठे करायची? आमचा रिपोर्ट कोर्टात चालतो का?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या, प्रत महापालिकेला. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९७४ च्या कलम २४ नुसार विषारी किंवा प्रदूषक द्रव्य प्रवाहात सोडायला मनाई आहे. कायद्याने पुरावा ठरणारा सांडपाण्याचा नमुना मात्र कलम २१ च्या पद्धतीने मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, जागामालकाला रीतसर सूचना देऊन घ्यावा लागतो. तुमचा अहवाल त्या जागी चालत नाही, पण अधिकाऱ्याने कुठे आणि कोणत्या वेळी नमुना घ्यावा हे ठरवायला तो फार कामाचा.

तक्रारीत एवढे असू द्या: नकाशावरचे ठिकाण, पाणी सोडण्याची नेहमीची वेळ, वेळ-तारखेसह फोटो, मेलेल्या माशांच्या जाती आणि अंदाजे संख्या, वरच्या आणि खालच्या गाळाचे आकडे (प्रश्न ९ आणि ११). गाळाचाही नमुना घ्यावा अशी मागणी स्पष्ट शब्दांत लिहा, नाहीतर फक्त पाण्याची बाटली भरली जाते. दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.